घरातल्या जिमची जागा आणि जमीन: सामान घेण्याआधी काय मोजायचं

घरी जिम करायचं मनात आलं की बहुतेक जण आधी ट्रेडमिल किंवा वजनांचा सेट बघायला लागतात. यंत्राची लांबी-रुंदी दिलेली असते, खोलीत ती बसते असं वाटतं आणि ऑर्डर जाते. पण यंत्राला लागते त्याहून जास्त जागा हलणाऱ्या माणसाला लागते. शिवाय सगळं वजन शेवटी पेलायचं असतं ते फरशीला, स्लॅबला आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना. म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी जागा, मग जमीन आणि सामान सगळ्यांत शेवटी. साधारण १० बाय १० फुटांची खोली, हॉलचा एखादा कोपरा किंवा गावाकडची पडवी हाताशी आहे आणि हे पहिल्यांदाच करायचं आहे, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

पायरी १: व्यायाम कोणता, ते आधी ठरवा

जोर, बैठका, सूर्यनमस्कार, योगासनं एवढंच करायचं असेल तर वेगळी खोली लागतच नाही. साडेसात फूट लांब आणि साडेतीन-चार फूट रुंद मोकळी पट्टी पुरते. साडेसात का? साडेपाच फूट उंचीचा माणूस पालथा झोपून हात पुढे ताणतो तेव्हा तो सात फुटांच्या जवळ जातो. बाजारातली योगा मॅट साधारण ६ बाय २ फुटांची असते, म्हणजे ती माणसाच्या हालचालीपेक्षा लहानच असते. भिंतीला लागून मॅट टाकली की पालथं पडून हात ताणताना बोटं नाही तर पाय भिंतीला टेकणारच.

डंबेल आणि एक बाक ही दुसरी पातळी. इथे ७ बाय ७ फूट मोकळे हवेत, कारण बाकावर आडवं पडून दोन्ही हात बाजूला उघडले की तुमच्या उंचीइतकी रुंदी लागते, वर दोन्ही हातांतल्या डंबेलची भर. तिसरी पातळी म्हणजे लांब रॉड, प्लेटा आणि रॅक, म्हणजे रॉड टेकवून ठेवायचा खांबांचा सांगाडा. खरं नियोजन इथून सुरू होतं. चौथी म्हणजे ट्रेडमिलसारखी यंत्रं. त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, ते पुढे येईलच.

आज जे करता त्यासाठी जागा आखा, आणि सहा महिन्यांनी काय करायची इच्छा आहे त्यासाठी थोडी राखून ठेवा. ‘पुढे कधीतरी’च्या भरवशावर आत्ताच मोठा रॅक घेऊ नका.

पायरी २: घरातली कोणती जागा

तळमजला किंवा स्वतःच्या घराची पडवी मिळाली तर प्रश्न अर्धा सुटला. खाली कोणी राहत नाही आणि जमीन थेट मातीवर असते. तिथे काळजी फक्त ओलीची, आणि कोकणात ओलीबरोबर वाळवीचीही.

फ्लॅटमधली बेडरूम ही दुसरी चांगली जागा. हॉलही चालतो, मात्र सामान रोज उचलून ठेवण्याइतकं हलकं असलं पाहिजे. नाहीतर पाहुणे आले की डंबेल दिवाणाखाली जातात आणि तिथेच राहतात.

बाल्कनीला माझा सरळ नकार आहे. बऱ्याच बाल्कन्या इमारतीबाहेर झुकलेल्या, एका बाजूने आधार नसलेल्या असतात. पाणी वाहून जावं म्हणून फरशीला उतार असतो, त्यामुळे बाक डुगडुगतो. पावसाची झड आली की लोखंडाला गंज चढतो. योगासनांसाठी बाल्कनी उत्तम, वजनांसाठी नाही.

गच्चीबद्दल दोन गोष्टी. सोसायटीची गच्ची सगळ्यांची असते, त्यामुळे लेखी परवानगीशिवाय तिथे कायमचं काही ठेवता येत नाही. आणि गच्ची स्वतःची असली तरी तिच्यावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा जलरोधक थर असतो. रॅक पक्का करायला त्यात भोकं पाडलीत तर पुढच्या पावसाळ्यात खालच्या खोलीचं छत गळेल. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर बोल्ट न लागणारं, स्वतःच्या पायांवर उभं राहणारं सामानच घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात लोखंडी रॉड हातात धरवत नाही, हेही ध्यानात असू द्या.

पायरी ३: खडूने आखा, टेपने मोजा

एक मोजायची टेप, एक खडू आणि पंधरा मिनिटं एवढंच लागतं. खोलीचं माप नकाशावरून घेऊ नका. गिलाव्याची जाडी, कपाट, माळ्याखालचा खांब आणि उघडणारं दार वजा करून उरते ती खरी जागा. दार आत उघडत असेल तर त्याचा पूर्ण कोन जमिनीवर खडूने काढा. त्या कोनात काहीही येणार नाही, रबराची फरशीही नाही, कारण दाराखालची फट सहसा एक सेंटीमीटरच्या आतबाहेर असते. १५ मिलीमीटर जाडीचं रबर अंथरून झाल्यावर दार उघडत नाही हे कळलं, की मग सुतार शोधत फिरावं लागतं.

आता सामान आखा. ऑलिंपिक मापाचा पुरुषांचा रॉड २.२ मीटर, म्हणजे सुमारे ७ फूट २ इंच लांब आणि २० किलो वजनाचा असतो. महिलांचा २.०१ मीटर आणि १५ किलोचा. १० फुटी खोलीत मोठा रॉड मधोमध ठेवला तर दोन्ही बाजूंना जेमतेम १७-१७ इंच उरतात. तेवढ्यात शिरून प्लेट चढवता येते, पण अंग चोरून. एका भिंतीला दोन फुटी कपाट असेल तर तेही जमणार नाही. रोज प्लेटा बदलायच्या असतील तर रॉडच्या प्रत्येक टोकापुढे किमान दीड फूट हवा, दोन असले तर सुख.

जागा कमी असेल तर पाच किंवा सहा फुटी रॉड मिळतात. त्यात एक मेख आहे. तयार रॅकचे दोन खांब साधारण चार फुटांच्या अंतरावर असतात, आणि पाच फुटी रॉडचा प्लेटा चढवायचा भाग सोडला तर मधला दांडा तेवढा उरत नाही. मग रॉड रॅकवर बसतच नाही. लहान रॉड घ्यायचा असेल तर सुटे स्टँड घ्या, जवळ-लांब करता येतील असे. दुकानात जाताना रॅकचं माप लिहून न्या.

आखून झालं की त्या रेषांच्या आत रिकाम्या हातांनी प्रत्येक व्यायाम करून बघा. हातात लांब काठी धरून बैठक मारा, पुढे पाय टाका, आडवे पडा. काठी कुठे आपटते ते लगेच कळतं. घरातला दुसरा माणूस त्या वेळी खोलीत असू दे, कारण रोज तो असणारच आहे.

पायरी ४: डोक्यावरची जागा, आणि पंखा

परदेशी माणसांचे व्हिडिओ बघून आखणी करणारे हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे आपल्या छताचा पंखा. साधारण नऊ-साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत पंख्याची पाती आठ फुटांच्या आसपास फिरत असतात. आता हिशोब करा. साडेपाच-पावणेसहा फूट उंचीच्या माणसाने हात सरळ वर केले की मूठ पावणेसात फुटांवर जाते. ४५ सेंटीमीटर व्यासाची प्लेट असेल तर मुठीच्या वर आणखी नऊ इंच. झाले साडेसात फूट. त्यात पायाखाली रबर आणि प्लायवुड मिळून पाच सेंटीमीटर वाढले. उरलेल्या तीन-चार इंचांत पाती फिरत आहेत.

दोरीवरच्या उड्या मारतानाही दोरी डोक्यावरून फूटभर वर जाते, पंखा खाली असेल तर त्यात अडकू शकते.

उपाय सोपा आहे: व्यायामाच्या पट्ट्यावरचा पंखा काढा आणि भिंतीवरचा बसवा. वारा छातीवर आडवा येतो, ते व्यायामाला बरंही पडतं. पंखा काढता येत नसेल तर डोक्यावर वजन नेण्याचे व्यायाम बाकावर बसून करा. पुल-अपसाठी दांडी लावायची असेल तर ती लोंबकळल्यावर हाताला येईल, पण हनुवटी वर नेल्यावर डोकं छताला लागणार नाही, अशा उंचीवर हवी. नऊ फुटी खोलीत साडेसात फुटांच्या आसपास बहुतेकांना चालतं, पाय थोडे दुमडून.

दांडीसाठी भिंत कोणती आहे ते मात्र बघा. नऊ इंची विटांची भिंत चांगला आधार देते. साडेचार इंची आडभिंत देत नाही. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत साधा रॉवल प्लग काही दिवसांत सैल होतो, तिथे त्या ठोकळ्यांसाठीचे वेगळे अँकर लागतात. मायवान पद्धतीच्या नव्या इमारतींत भिंतीही काँक्रीटच्याच असतात. आधार पक्का, पण भिंतीत सळई आणि विजेचे पाइप असतात, म्हणून आधी सोसायटीला विचारा आणि ड्रिल जाणकार माणसाच्या हातात द्या. काहीच खात्री नसेल तर जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्यावा.

पायरी ५: स्लॅब किती पेलेल

हा प्रश्न सगळे विचारतात आणि बहुतेकांची भीती वाजवीपेक्षा जास्त असते. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात राहत्या घराच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलोचा वापरातला भार धरलेला आहे. फरशी आणि गिलाव्याचं वजन इंजिनिअर वेगळं धरतो. १० बाय १० फूट म्हणजे ९.३ चौरस मीटर, म्हणजे सगळीकडे पसरलेला भार १,८०० किलोच्या वर. आता तुमचं सामान मोजा: रॉड आणि प्लेटा १२०, रॅक ७०, बाक २०, डंबेल ६०, रबर ११०, दोन माणसं १५०. बेरीज ५३० किलो. सुस्थितीतल्या आरसीसी इमारतीत हे काही भयंकर नाही.

दोन अटी. पहिली, हा भार पसरलेला हवा. सगळ्या प्लेटांची चळत खोलीच्या मधोमध रचू नका. प्लेटा अडकवायचा स्टँड आणि डंबेलचा स्टँड भिंतीकडे, शक्यतो जिथे खाली तुळई आहे तिथे ठेवा. दुसरी अट इमारतीच्या वयाची. जुनी चाळ, वाड्यातली लाकडी पाटणाची माडी, स्लॅबची सळई उघडी पडलेली इमारत, इथे वजनं नेऊच नका. तीस वर्षांपुढच्या इमारतीच्या सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल असायला हवा. तो मागून घ्या आणि शंका असेल तर इंजिनिअरला दाखवा.

ठेवलेलं वजन आणि पडलेलं वजन यांतला फरक मात्र फार मोठा आहे. १ मीटर उंचीवरून पडलेलं वजन २ सेंटीमीटरांत थांबलं, तर थांबताना बसणारा सरासरी जोर त्या वजनाच्या जवळपास ५० पट असतो. त्याच वजनाला थांबायला ४ सेंटीमीटर मिळाले तर तो निम्म्यावर येतो. जाड, दबणाऱ्या थराचं सगळं काम या एका गणितात आहे. आणि फ्लॅटमध्ये वजन टाकायचं नसतं, हा नियमही इथूनच येतो. कितीही जाड रबर घातलं तरी पहिल्या मजल्यापासून वर डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरून उचलायचा, रॉड हळूच टेकवायचा. तेवढं जमत नसेल तर वजन कमी करा.

पायरी ६: आत्ताची फरशी तपासा

नाण्याने किंवा टेपच्या कडेने प्रत्येक फरशीवर टकटक करा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर खाली सिमेंट नीट भरलेलं नाही, आणि तिथे डंबेलचा कोपरा पडला की तडा गेलाच. मोठ्या दोन फुटी व्हिट्रिफाइड फरश्यांत ही पोकळी बऱ्याचदा कोपऱ्यांत सापडते. अशा फरश्यांवर खडूने फुली मारा आणि रॅकचे पाय तिथे येऊ देऊ नका. शहाबादी किंवा कोट्याची जुनी फरशी असेल तर ती तुटायला जड असते, पण वरखाली असते.

उतार बघायला मुलांची गोटी पुरते. चार-पाच ठिकाणी सोडून द्या. सगळीकडून एकाच दिशेला पळत सुटली तर रॅकच्या पायाखाली पाचर द्यावी लागेल.

तळमजल्यावर ओल तपासा. दोन फूट लांबरुंद प्लास्टिकचा कागद जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस तसाच राहू द्या. कागदाच्या आतून थेंब जमले किंवा खालची जमीन काळवंडली, तर जमिनीतून ओल येते आहे. ही परीक्षा जुलैमध्ये केली तरच तिला अर्थ आहे. मार्चमध्ये महाराष्ट्रातली बरीचशी जमीन कोरडीच असते.

पायरी ७: वर काय अंथरायचं

व्यायामाप्रमाणे जमीन बदलायची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. कोल्हापूरच्या तालमींत हौद्यात तांबडी माती टाकतात, तिच्यात तेल, ताक, हळद मिसळतात आणि कुस्तीआधी ती खोदून भुसभुशीत करतात. पाठ टेकवण्यासाठी केलेली ती जमीन आहे. वजन उचलायला नेमकी उलटी जमीन लागते: पायाखाली न दबणारी, आणि वजन टेकतं तिथे दबणारी. या दोन गरजा एकाच मॅटमध्ये भागत नाहीत. नवशिक्यांची बहुतेक खरेदी इथेच फसते, कारण दुकानदार ‘सगळ्याला चालेल’ असं म्हणून एकच मॅट देतो.

ईव्हीए फोमच्या, एकमेकांत दात अडकणाऱ्या रंगीत मॅट सगळ्यांत स्वस्त. दोन फुटी चौकोन, १०-१२ मिलीमीटर जाड. आसनं, जोर, पोटाचे व्यायाम आणि लहान मुलं यांच्यासाठी छान. खांद्यावर रॉड घेऊन उभं राहायला वाईट, कारण टाच आत रुतते आणि तोल हलतो. जड डंबेलचे खड्डे पडतात, ते भरून येत नाहीत.

रबराच्या फरश्या बहुतेक वेळा जुन्या टायरच्या चुऱ्यापासून दाबून बनवतात. अर्धा मीटर किंवा एक मीटर चौरस, जाडी ८ ते ४० मिलीमीटर. फक्त डंबेल आणि बाक असेल तर ८-१० मिलीमीटर पुरतात. रॉड असेल तर १५ ते २०. रंगीत ठिपके असलेल्या फरशीत ईपीडीएम नावाच्या रबराचे दाणे असतात. ठिपक्यांनी मजबुती वाढत नाही, किंमत वाढते. विकत घेताना कोपऱ्यावर बोटाने घासून बघा. चुरा सहज सुटत असेल तर घेऊ नका, रोज झाडू मारताना तेच करत बसाल. आणि वास घेऊन बघा. नव्या रबराला वास असतोच, आठवडाभर सावलीत वाऱ्यावर ठेवला की बराच कमी होतो. डोळे चुरचुरतील इतका उग्र असेल तर बंद खोलीत तो माल नको.

ज्यांचं गाव जवळ आहे त्यांच्यासाठी एक वेगळी वाट: गोठ्यातली रबर मॅट. सांगली-कोल्हापूर, अहिल्यानगर या दुधाच्या पट्ट्यात गाईखाली घालायच्या मॅट सर्रास मिळतात. साधारण साडेसहा-सात फूट लांब, चार फूट रुंद, १५ ते २० मिलीमीटर जाड. चारपाचशे किलोंचं जनावर रोज उठबस करतं त्यासाठी बनवलेल्या या मॅट तुमच्या डेडलिफ्टला घाबरत नाहीत. दोन शेजारी टाकल्या की जवळपास ८ बाय ७ फुटांचा पट्टा होतो, सांधा एकच. त्यांत फोमच्या हलक्या मॅटही असतात, त्या टाळा. अंगठा जोरात दाबून बघितला की फरक कळतो. वरची नक्षी खरखरीत असते, जोर मारताना तळहाताला टोचते. तेव्हा त्यावर योगा मॅट टाका.

व्हिनाइलचा रोल दिसायला सुंदर, घामाने निसरडा. घरात आधीपासून व्हिनाइल असेल तर त्यावर थेट रबर ठेवू नका, रबरातून उतरणारा तपकिरी डाग कायमचा राहतो. पांढऱ्या संगमरवरावरही मधे काहीतरी घाला. कृत्रिम गवत फोटोपुरतं. सतरंजी सरकते.

जड डेडलिफ्ट करणाऱ्यांनी एक छोटा कट्टा बनवावा. ८ बाय ४ फुटांच्या १८ मिलीमीटरच्या दोन प्लायवुड शीट शेजारी ठेवा. त्यांच्यावर आणखी दोन आडव्या, म्हणजे सांधे एकमेकांवर येणार नाहीत. छोट्या स्क्रूने जोडा. झाला ८ बाय ८ चा पाया. त्यावर तिसऱ्या थरात मधली चार फुटी पट्टी लाकडाची ठेवा आणि दोन बाजूंना त्याच जाडीचं रबर. उंची दोन्हीकडे सारखी हवी. प्लेटा पायांपेक्षा वर टेकल्या तर रॉड उंचावरून उचलला जातो आणि तुमचा व्यायाम बदलतो. प्लाय घेताना ओलीच्या ठिकाणी आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय, कोरड्या फ्लॅटमध्ये आयएस ३०३ चा साधा चालतो. पूर्ण कट्ट्याला जागा नसेल तर रॉडची टोकं टेकतात तिथे अडीच बाय दोन फुटांचे दोन जाड तुकडे ठेवा आणि स्वतः तेवढ्याच उंचीच्या प्लायवर उभे राहा.

पायरी ८: किती घ्यायचं आणि कसं बसवायचं

समजा १० बाय ८ फुटांचा पट्टा झाकायचा आहे. चौरस फुटांचा भागाकार करून आकडा काढू नका, फरश्या मांडून मोजा. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्यात अर्ध्या मीटरच्या सहा बसतात. ८ फूट म्हणजे २.४४ मीटर, त्यात चार पूर्ण आणि पाचवी सहा सेंटीमीटर कापून. एकूण ३०. दोन जास्तीच्या घ्या, कापताना एखादी वाकडी जातेच आणि पुढे त्याच जाडीची मिळेल याची खात्री नसते. १५ मिलीमीटरच्या ३० फरश्यांचं वजन शंभर किलोंच्या वर जातं, म्हणून लिफ्ट आणि मदतनीस आधी ठरवा.

जमीन झाडून, पुसून पूर्ण वाळवा. फरश्या एक दिवस त्याच खोलीत सुट्या पडू द्या, म्हणजे वळलेल्या सरळ होतील. सर्वांत लांब आणि सरळ भिंतीपासून सुरुवात करा, पण भिंतीला पाच-सहा मिलीमीटर सोडून, कारण उन्हाळ्यात रबर फुगतं. सांधे विटांच्या बांधकामासारखे एकाआड एक ठेवले तर फरश्या कमी सरकतात, फक्त कापाकापी वाढते आणि दोन-तीन फरश्या जास्त लागतात. कापायला जाड कटर, लोखंडी पट्टी आणि साबणाचं पाणी. एका दमात कापायला जाऊ नका, त्याच रेघेवरून पाच-सहा वेळा पातं फिरवा. पातं वारंवार बदला.

चिकटवू नका. जाड रबर स्वतःच्या वजनाने बसतं. दाराकडच्या कडांना दुहेरी चिकटपट्टी पुरे. भाड्याच्या घरात तर गोंद अजिबात नको, सोडताना फरशीवरून तो काढता काढता डिपॉझिट जाईल. मोकळ्या कडेला उतरती पट्टी लावा, घरात वयस्क माणसं असतील तर नक्कीच.

पायरी ९: ट्रेडमिल, वीज, आरसा

ट्रेडमिल साधारण सहा फूट लांब असते. तोल गेला तर माणूस मागे फेकला जातो, म्हणून मागे दोन मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर मोकळं ठेवायला सांगतात. लांबीत झाले साडेबारा फूट. १० फुटी खोलीत ती नीट बसत नाही, एवढंच. मागे भिंत असलेली ट्रेडमिल मी कुणालाही सुचवणार नाही. त्यापेक्षा सायकल घ्या, ती चार बाय दोन फुटांत मावते आणि खालच्या मजल्यावर धबधब जात नाही. तरी घ्यायचीच असेल तर १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र पॉइंट काढा, एक्स्टेन्शनवर चालवू नका. घरात लहान मूल असेल तर सुरक्षेची चावी काढून वर ठेवा.

आरसा लावताना खालची कड जमिनीपासून दीड फूट वर घ्या, म्हणजे टेकवलेली प्लेट घरंगळत जाऊन काचेला लागणार नाही. काचेला मागून सुरक्षा-फिल्म लावून घ्यावी. खिडकी उघडी राहील अशी मांडणी करा. रबर, घाम आणि बंद खोली हे त्रिकूट वाईट.

पायरी १०: खाली जाऊन ऐका

सगळं मांडून झाल्यावर, पहिला खरा व्यायाम करण्याआधी, खालच्या घरातल्या काकूंना भेटा. घरातल्या कोणालातरी त्यांच्या हॉलमध्ये उभं करा आणि वर एकेक गोष्ट करून बघा: डंबेल ठेवणं, रॉड टेकवणं, दोरीवरच्या उड्या. रबराने खणखणाट थांबतो, पण स्लॅबमधून जाणारा दबका धक्का पूर्ण थांबत नाही. बऱ्याचदा शंभर किलोंचा हळू टेकवलेला रॉड खाली ऐकूही जात नाही आणि दोरीच्या उड्या मात्र डोकं उठवतात. जे ऐकू जातं त्याच्या वेळा ठरवून घ्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली आहे. शहाणपण म्हणून सकाळी सातच्या आधी उड्या नकोत.

प्लेटा कोणत्या घ्यायच्या हे याच चाचणीवरून ठरवा. स्वस्त सेटमध्ये प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या प्लेटा असतात. त्या आवाज कमी करतात, पण जाड असल्याने रॉडवर कमी मावतात आणि पडल्या तर कवच फुटून चुरा सांडतो. रबर चढवलेल्या लोखंडी प्लेटा महाग, पण फ्लॅटसाठी त्याच बऱ्या.

निगा

रोज झाडू, आठवड्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्याचं घट्ट पिळलेलं फडकं. फिनेल, अ‍ॅसिड, रॉकेल आणि तेल रबराला लावू नका, ते मऊ पडून चिकट होतं. व्यायामानंतर रॉड कोरड्या फडक्याने पुसायची सवय लावा. मुंबई-कोकणात पावसाळ्याचे चार महिने रॉडवर मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि उचलण्याआधी पुसून टाका. तळमजल्यावर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कडेच्या दोन-चार फरश्या उचलून खाली बघा. पांढरी बुरशी किंवा ओला वास आला तर त्या दिवशी सगळ्या उचलून भिंतीला उभ्या करा आणि जमिनीवर पंखा सोडा. प्लायचा कट्टा असेल तर त्याच्या खालच्या कडेला मातीच्या बारीक रेघा दिसतात का ते बघा. दिसल्या तर ती वाळवी आहे, आणि कट्टा त्याच दिवशी घराबाहेर काढावा लागेल.